आणखी काही मदत?

आमच्या घरात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळायचं नाही. जेवायला काय आहे विचारलं तर आई म्हणायची, "ताट, वाटी, चमचा." बाबा ऑफिसातून आले आणि मी "आलात?" म्हटलं, तर ते चपला काढता काढता म्हणायचे, "नाही, अजून स्वारगेटलाच आहे." बिबवेवाडीत दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं, आणि दिवसभर ही टोलेबाजी. त्यात सगळ्यात तिखट जीभ माझी. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, पोरीच्या जिभेला काही हाड नाही. मी विचारलं, "तुमच्या आहे का? दाखवा." तेव्हा मी सातवीत होते. आईने पाठीत धपाटा घातला आणि तिचं ठरलेलं वाक्य म्हणाली, "तोंड बघा हिचं! अगदी आत्यावर गेलीय."

हे कौतुक नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, धायरीला एकटी राहायची. सगळी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली होती. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं की आता माझ्या घरच्या फोनवर मी मला हवं ते बोलणार. तेव्हापासून तिला फोन लावला की पलीकडून एकच वाक्य यायचं. "जिवंत आहे. बोला!" फोन बँकेचा असो की नातेवाइकांचा, तिला फरक पडत नव्हता. बाबा चिडायचे. "अगं, हॅलो म्हणावं माणसाने." त्यावर ती म्हणायची, "हॅलो म्हणायचा पगार मिळायचा मला. आता बंद झालाय."

मला ती प्रचंड आवडायची. रविवारी मी धायरीला जायचे ते तिच्याशी भांडायला. ती भाजी निवडायची, मी समोर बसायचे, आणि आम्ही काहीही विषय काढून वाद घालायचो. मी जिंकले की ती म्हणायची, "चल नीघ, माझ्या घरातून." आणि जाताना हातात डबा द्यायची.

मी बारावी झाले त्या सुमाराला मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं, आणि बघता बघता भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या कमरेला फोन लटकले. फोन आले तसे फोनचे घोटाळे आले, आणि घोटाळे ऐकून घ्यायला मुली लागायला लागल्या. नगर रोडला काचेची एक इमारत उभी राहिली होती, तिथे एका मोबाइल कंपनीचं कस्टमर केअर चालायचं. मराठी बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. आमच्या गल्लीतल्या दोघी आधीच जात होत्या. सकाळी कंपनीची गाडी दारात यायची, दुपारी दारात सोडायची, आणि कॉलेज बाहेरून करता यायचं. मला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. मुलाखतीत त्यांनी मला एक परिच्छेद वाचायला लावला आणि म्हणाले, "वा! ळ आणि ण किती स्पष्ट आहेत." जिभेमुळे आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी चांगलं झालं होतं. मी उडत घरी आले.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला बोलायला शिकवलं. म्हणजे, मला! बोलायला! आधी मला हसूच आलं. ग्राहक काहीही बोलला तरी आपण आधी म्हणायचं, "तुमची अडचण मी समजू शकते." मग म्हणायचं, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून खेद आहे." त्याने माहिती सांगितली की, "माहिती दिल्याबद्दल धन्यवाद." शेवटी न चुकता, "आणखी काही मदत करू शकते का?" आणि तो नाही म्हणाला की, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ असो." फोन आपण ठेवायचा नाही. आधी ग्राहक ठेवणार. तो शिव्या देत असला तरी तोच ठेवणार.

प्रत्येकीच्या कॉम्प्युटरच्या कडेला एक छोटा गोल आरसा चिकटवलेला होता. मला वाटलं, वा, किती काळजी घेतात, केस बघायला आरसा. तो केसांसाठी नव्हता. बोलताना आपण हसतोय की नाही ते बघायला होता, कारण हसू आवाजात ऐकू येतं म्हणे. दर कॉलला गालातल्या गालात हसायचं, आरशात बघून खात्री करायची, मग बोलायचं.

आणि एक शब्द होता, फेटल. आमचे कॉल रेकॉर्ड व्हायचे आणि कुणीतरी ते नंतर ऐकून मार्क द्यायचं. बाकी चुकांचे थोडेथोडे मार्क जायचे, पण शेवटचं "आणखी काही मदत" राहिलं की तो कॉल फेटल. सगळा शून्य. त्या शब्दाचा खरा अर्थ जीवघेणं असा आहे हे शाळेत शिकलेलं असूनही कुणाच्या डोक्यात यायचं नाही. कॅन्टीनमध्ये आम्ही समोसा खात विचारायचो, "तुझे किती फेटल गं काल?" हसायचो.

सुरुवातीला मी म्यूटचं बटण दाबून मनसोक्त बोलून घ्यायचे. पलीकडे कुणी गृहस्थ "तुम्ही सगळे चोर आहात" म्हणायचे, मी म्यूट दाबून म्हणायचे, "आणि तुम्ही कोण, हरिश्चंद्र?" मग म्यूट काढून, "तुमची अडचण मी समजू शकते, सर." शेजारची मुलगी खुदकन हसायची. पण हे फार दिवस टिकलं नाही. काही पुरुष नुसते मुलीचा आवाज ऐकायला फोन करायचे आणि नको नको ते बोलायचे. पहिल्यांदा तसा कॉल आला तेव्हा माझे हात कापायला लागले, पाणीसुद्धा पिता येईना. आमचा टीम लीडर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, वाघोलीला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायचा. वाईट नव्हता बिचारा. तो म्हणाला, "मनावर घेऊ नको. म्यूट कर, श्वास घे, आरशात बघ, पुढचा कॉल घे." मी तसं केलं. दुसऱ्यांदा हात कमी कापले. नंतर नंतर कापायचे थांबले, आणि मला वाटलं, चला, जमलं.

काय जमलं होतं ते मला कळलं नाही. संध्याकाळी जबडा दुखायचा. केस मूठमूठ गळायचे. म्यूट दाबून काही बोलावंसं वाटेनासं झालं, कारण बोलायला आत काही नसायचं. आणि घरी सगळे खूश! आई "भाजी कशी झालीय?" म्हणाली की मी म्हणायचे, "छान झालीय, धन्यवाद." शेजारच्या काकूंना मी "नमस्कार काकू, कशा आहात?" म्हणायला लागले. काकू आईला म्हणाल्या, "नोकरीने वळण लावलं हो पोरीला. किती गोड बोलते!" आईने अभिमानाने मान डोलावली. अठरा वर्षांत जे धपाट्यांनी झालं नव्हतं ते सहा-सात महिन्यांत झालं होतं.

एक आत्या तेवढी घाबरली. मी बऱ्याच दिवसांनी गेले होते. तिने नेहमीप्रमाणे कळ काढली, "काय गं, रस्ता विसरलीस की आत्या?" पूर्वीची मी म्हणाले असते, रस्ता लक्षात होता म्हणून तर आले नाही. मी हसून म्हणाले, "सॉरी आत्या, तुला त्रास झाला असेल." तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही कुठली बया पाठवलीय माझ्याकडे?"

"आत्या, मी समजू शकते..."

"डोंबल समजतेस तू. मला एक शिवी दे बघू."

मला शिवी आठवेना. खरंच आठवेना. आत्याने बाबांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि बजावलं, पोरीला तिथून काढ. बाबा म्हणाले, अगं, तूही फोनवरच नोकरी केलीस की. एवढं मला तेव्हाच कळलं, पण त्यावर ती जे म्हणाली ते बाबांनी खूप नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "मी ड्युटीवर नंबर प्लीज म्हणायचे आणि लोक उद्धट बोलले की खडसावायचे. लोक आम्हाला टरकून असायचे रे. आणि मी कामाला लागले तेव्हा बाई होते, पोर नव्हते. ती आत्ता कुठे माणूस बनत होती." बाबांना वाटलं, हिचं नेहमीचंच.

मंगळवारी माझी सुट्टी असायची. त्या मंगळवारी सकाळी आत्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला की तिला छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय. बाबा तसेच धावले. आई म्हणाली, "ॲसिडिटी असेल, चहा किती पिते." आम्ही दोघी घरी थांबलो. ती भाकऱ्या थापत होती, मी लसूण सोलत फोनजवळ बसले होते. फोन वाजला. मी उचलला.

"बाळा," बाबा म्हणाले. मागे दवाखान्यातला गलका होता. "आत्या गेली गं. नेईपर्यंतच सगळं संपलं होतं."

मी म्हणाले, "माहिती दिल्याबद्दल धन्यवाद."



मग म्हणाले, "आणखी काही मदत करू शकते का?"

बाबा काहीतरी बोलले. बहुतेक "काय?" म्हणाले. त्या "काय"चं मी काय केलं असेल? माझ्या तोंडातून, गोड, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून शब्द बाहेर आले, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस शुभ असो."

आणि मी फोन ठेवला नाही. तो आधी त्यांनी ठेवायचा होता ना! मी रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले, आणि बाबाही ठेवेनात. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. किती वेळ गेला देव जाणे. मग तिकडून खट् असा आवाज आला.

आईने आतून विचारलं, "कुणाचा गं? मैत्रिणीचा का?"

"बाबांचा. आत्या गेली."

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. आई पिठाच्या हातांनी दारात आली आणि माझ्याकडे बघायला लागली. आधी तिला कळलं की आत्या गेली. मग तिला कळलं की तिने आत्ता काय ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दुसरी गोष्ट पोचलेली मी पाहिली, आणि तेव्हा कुठे ती माझ्यापर्यंत पोचली. माझे कान गरम झाले. मी माझ्याच तोंडावर हात दाबला. बाई गं! हे मी बोलले? माझ्या बाबांना? ज्यांची बहीण आत्ता गेली त्यांना मी दिवस शुभ जावो म्हटलं? आज इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. मी ते ठरवून बोलले नव्हते, विसरूनही नव्हे. मी तिथे नव्हतेच. तोंड एकटंच ड्युटीवर होतं.

अजून वाईट पुढेच होतं. स्मशानभूमीत त्रिशरण-पंचशील म्हटलं जात होतं, सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे, आणि आत्याची शेजारीण दुसरीच्या कानात कुजबुजली, "ही हसतेय काय?" आईने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि झटकन माझी ओढणी तोंडावर ओढली. मी बोटांनी चाचपून पाहिलं. गाल वर गेलेले होते. मी ते खाली ओढले, सोडले, ते परत वर गेले. माझी आत्या समोर लाकडांवर होती आणि मला रडू येत नव्हतं, हसू जात नव्हतं. बाबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

घरीही ते माझ्याशी बोलेनात. रागावले नव्हते, घाबरले होते, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं की मी खोलीत गेले की ते पेपर उचलतात. टोलेबाजी बंद. "आलात?" म्हटलं की "हो." आमच्या घरात "हो"! मला वाटलं, आता हे घर असंच राहणार आणि ते माझ्यामुळे.

कामावर परत गेले. टीम लीडरला सांगितलं की माझी आत्या वारली, मला बरं वाटत नाहीये, थोडे दिवस फोन नकोत. त्याने मान तिरकी केली, गाल वर घेतले आणि म्हणाला, "तुझी अडचण मी समजू शकतो. त्याबद्दल मला मनापासून खेद आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण नाही. त्याला पत्ताच नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि मनात तेवढंच शिल्लक होतं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा! मी हॉलमध्ये मान वळवून पाहिलं. रांगेने बसलेल्या माझ्याच वयाच्या पोरी, प्रत्येकीचे गाल वर, प्रत्येकीची नजर आरशात. मला भडभडून आलं, म्हणजे उलटीच आली. बाथरूममध्ये ओकले, तोंड धुतलं आणि गाडीची वाट न बघता रिक्षा करून घरी आले. परत गेले नाही.

नोकरी सुटली, पण मी सुटले नाही. फोन वाजला की अंग आखडायचं. आम्ही नुकतंच नंबर दिसणारं नवीन यंत्र घेतलं होतं, तरी मी हात लावायचे नाही. आईने आधी टॉनिक आणलं. मग, आमच्यात ज्यांचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही, त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे बाबा मला घेऊन गेले, बसमध्ये दोन सीट सोडून बसून. बाईंनी विचारलं, "राग येतो का?" मी म्हटलं, "नाही मॅडम." त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि म्हणाल्या, "या वयात माणूस स्वतःचा आवाज तयार करत असतो. हिचा अर्ध्यात काढून घेतलाय. आधी रडू येणार नाही, राग येईल. तो आला की अडवू नका."

झालं! घरात माझ्या रागाची वाट बघणं सुरू झालं. आई, जिने जन्मभर उलट उत्तराला धपाटा दिला, ती आता मुद्दाम कळ काढायला लागली. वरणात मीठ टाकेना. माझी पुस्तकं माळ्यावर टाकून म्हणाली, "रद्दीत घातली." मी म्हणायचे, "ठीक आहे." ती आत जाऊन डोळे पुसायची.

एका रविवारी बाबा आत्याचं घर आवरायला धायरीला गेले होते. दुपारी फोन वाजला. आई गच्चीवर वाळवण काढत होती. मी नुसतंच यंत्राकडे पाहिलं. त्यावर आत्याचा नंबर होता. लहानपणापासून पाठ असलेला नंबर. आत्याचा फोन! माझा हात आपोआप पुढे गेला.

"मीच आहे," बाबा म्हणाले. "उद्या ही लाइन तोडायला येणारेत. म्हटलं, चालू आहे का एकदा बघावं."

"अक्कल आहे का तुम्हाला?" मी किंचाळले. "तिच्या नंबरवरून फोन करतात होय? मला वाटलं... मला काय वाटलं माहितीये? जीव गेला असता ना माझा! आणि लाइन कसली तोडता? कुणाला विचारलंत? मला विचारलंत? ती तुम्हाला सांगत होती, पोरीला काढ तिथून, तेव्हा ऐकलं नाहीत, आणि आता निघालेत लाइन तोडायला! आणि बोलत का नाही माझ्याशी? मी काय मुद्दाम म्हटलं होतं का ते?" मग मला बोलता येईना. मी जमिनीवर बसले आणि रडले. तोंड वाकडं करून, शेंबूड येईपर्यंत, आत्याच्या नावाने मोठ्यांदा.

बाबा ऐकत होते. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. मी हुंदके द्यायची थांबले तेव्हा ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "झालं? की आणखी काही?"

"आहे! भरपूर आहे! घरी या, मग सांगते!"

"बरं. मग ठेव आता फोन."

"तुम्ही ठेवा."

"नाही," बाबा म्हणाले. "आधी तू ठेव."

मी आपटला. दाणकन आपटला, यंत्र मेजावरून खाली घसरलं. मागे वळले तर आई दारात उभी, हातात पापडांची परात, कधीची उभी होती कोण जाणे. ती काही बोलणार तेवढ्यात फोन परत वाजला. परत तोच नंबर.

मी उचलला आणि ओरडले, "जिवंत आहे! बोला!"

पलीकडे बाबा हसताहेत की रडताहेत कळेना असा आवाज आला, आणि त्यातून ते कसंबसं म्हणाले, "आईला भात टाकायला सांग. हेच सांगायचं राहिलं होतं."

"बाबा म्हणतायत, भात टाक," मी आईला म्हटलं. "आणि वरणात मीठ टाक जरा, फुकट नाही मिळत म्हणून काय झालं!"

आईने परात खाली ठेवली. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं.

"तोंड बघा हिचं," ती म्हणाली. "अगदी आत्यावर गेलीय."